घरातील वीज : वाचकांचे प्रश्न – तुटलेला न्यूट्रल आणि दाटीची डीबी

प्रश्न : आमचे लातूर शहरातील घर २००४ साली बांधलेले आहे. जिन्याखालच्या भिंतीत आठ एमसीबींची (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणाऱ्या स्विचांची) डीबी, म्हणजे वीज वाटपाची पेटी, आहे. पुढच्या काळात गिझर, बोअरची मोटर, इन्व्हर्टर आणि यंदा एप्रिलमध्ये एसी, अशी भर त्याच डीबीत पडत गेली. एसीची न्यूट्रल तार डीबीतील न्यूट्रल तारांच्या पट्टीत बसवताना वायरमनने शेजारचे स्क्रू सैल केले, तेव्हा स्वयंपाकघराच्या सर्किटची न्यूट्रल तार टोकाशीच तुटून हातात आली. तुटलेल्या जागी वरचे प्लास्टिक काळे पडून कडक झाले होते. उरलेली तार पट्टीपर्यंत चार बोटे कमी पडते. सध्या वायरमनने ती दिव्यांच्या सर्किटच्या न्यूट्रल तारेला पीळ देऊन जोडली आहे आणि वर टेप गुंडाळली आहे. घरातील सर्व काही चालू आहे. हे असेच ठेवले तर चालेल का? नाही तर योग्य दुरुस्ती कोणती?

उत्तर : असे ठेवू नये. हे उत्तर वाचताच स्वयंपाकघराचा एमसीबी खाली करावा आणि दुरुस्ती होईपर्यंत तो वर करू नये. घरातील सर्व काही चालू आहे, हे आपण लिहिले आहे आणि ते खरेच असणार. पण न्यूट्रलच्या बाबतीत सारे चालू दिसणे हा जोड सुरक्षित असल्याचा पुरावा होत नाही.

पुष्कळ घरांत फेजची तार धोक्याची आणि न्यूट्रलची तार निरुपद्रवी, अशी समजूत असते. प्रत्यक्षात जेवढा प्रवाह फेजच्या तारेतून उपकरणात जातो, तेवढाच न्यूट्रलच्या तारेतून परत येतो. फरक एवढाच की फेजच्या तारेवर एमसीबीची राखण असते आणि आपल्याकडील सर्वसाधारण डीबीत न्यूट्रलच्या तारेवर तशी राखण नसते. आता आपल्या घरात काय झाले आहे ते पाहा. दिव्यांच्या सर्किटला बहुधा दीडची (दीड चौरस मिलिमीटर जाडीची) वायर आणि ६ अँपिअरचा एमसीबी असेल, स्वयंपाकघराला अडीचची वायर आणि १६ किंवा २० अँपिअरचा एमसीबी असेल. दोन्ही सर्किटांचा परतीचा प्रवाह आता दिव्यांच्या त्या एकाच दीडच्या तारेतून पट्टीत शिरतो. स्वयंपाकघराचा एमसीबी फक्त स्वयंपाकघराचा प्रवाह मोजतो, दिव्यांचा एमसीबी फक्त दिव्यांचा. दोहोंची बेरीज मोजणारे तेथे काहीच नाही. ती तार तापत राहिली तरी एकही एमसीबी पडणार नाही.

दुसरा धोका पुढे केव्हातरी कामाला येणाऱ्या माणसाला आहे. तो दिव्यांचा एमसीबी खाली करील, दिव्यांची न्यूट्रल तार मृत आहे असे समजून ती पट्टीतून सोडवील, आणि त्याच क्षणी चालू असलेल्या फ्रिजमधून किंवा मिक्सरमधून येणारा २३० व्होल्टचा दाब त्याच्या हातातल्या टोकावर उभा राहील. काळ्या रंगाच्या तारेचा असा झटका अनुभवी वायरमनलाही बसतो, कारण आपण सर्किट बंद केले आहे या विश्वासाने तो हात घालतो.

तार कशामुळे तुटली, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण दुरुस्तीची दिशा त्यावरच ठरते. काळे पडलेले प्लास्टिक सांगते की दोष त्या दिवशीचा नव्हता; एसीच्या कामाने तो फक्त उघडकीस आला. पट्टीतील स्क्रू मूळचा सैल असावा, किंवा जागा नाही म्हणून एकाच भोकात दोन तारा कोंबलेल्या असाव्यात. एकाच स्क्रूखाली दोन तारा घातल्या की एक घट्ट दाबली जाते आणि दुसरी नुसती टेकून राहते. २००० वॅटची इंडक्शन शेगडी आणि १५०० वॅटची किटली एकाच वेळी चालू असेल तर सुमारे १५ अँपिअर प्रवाह वाहतो. सैल जोडाचा रोध अवघा ०.१ ओहम धरला, तरी प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणून त्या एका टोकाशी साडेबावीस वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातील सोल्डरिंगचे साधन साधारण २५ वॅटचे असते. तेवढी उष्णता बंद डब्यात, वाटाण्याएवढ्या जागेत, रोज स्वयंपाकाच्या वेळी साठत गेली. घरगुती तारेचे पीव्हीसी आवरण सर्वसाधारणपणे ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असते. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरची हवाच ४२ अंशांच्या घरात असते, त्यामुळे तारेच्या वाट्याला सोसण्याची जी उरलेली मोकळीक असते ती थंड प्रदेशातल्या घरापेक्षा आधीच कमी असते.

आता दुरुस्ती. पहिली गोष्ट अशी की तुटलेले टोक जसेच्या तसे वापरता येणार नाही. आवरण मऊ लागेपर्यंत आणि आतले तांबे लखलखीत दिसेपर्यंत तार मागे कापावी लागेल. तापून काळवंडलेले तांबे कितीही घासले तरी त्यावरचा जोड पुन्हा तापण्याची शक्यता राहते. म्हणजे आज चार बोटे कमी पडणारी तार उद्या सहा बोटे कमी पडेल. अशा वेळी बहुतेक जण तार ओढून लांबवण्याच्या मागे लागतात. स्वयंपाकघराच्या स्विचबोर्डात तारेचा थोडा फेरा राखलेला असेल तर तो हलक्या हाताने डीबीकडे सरकवून पाहण्यास हरकत नाही, परंतु जोर लावू नये. पाइपाच्या तोंडाशी आवरण सोलले जाते आणि ती जखम भिंतीत लपून राहते.

माझा आग्रह मात्र वेगळ्या मार्गाचा आहे : तारेला पट्टीपर्यंत ताणण्यापेक्षा पट्टी तारेपर्यंत न्यावी. ज्या बाजूने पाइप डीबीत शिरतो त्या बाजूला दुसरी न्यूट्रल पट्टी तिच्या इन्सुलेटेड बैठकीसह बसवावी, आणि मूळ पट्टीपासून तिच्यापर्यंत मेनच्या न्यूट्रल तारेइतक्याच जाडीची तांब्याची तार घ्यावी. ही जोडतार बारीक घेतली तर वर सांगितलेलाच दोष नव्या जागी निर्माण होईल. दुसऱ्या पट्टीमुळे तुटलेली तार जोडाशिवाय पोहोचते, आणि एका भोकात एकच तार हा नियम इतर तारांनाही लावता येतो. आपल्या डीबीत मूळ आजार दाटीचा आहे, आणि नुसती तार लांबवून तो बरा होत नाही. डीबीत आरसीसीबी (प्रवाहाची गळती होताच वीज तोडणारा स्विच) असेल तर ज्या सर्किटांचे फेज तिच्यातून गेले आहेत त्यांचेच न्यूट्रल तिच्या पट्टीवर यावेत, एवढे मात्र पट्ट्या वाटताना पाहावे.

डब्यात दुसऱ्या पट्टीलाही जागा नसेल, तर जोड देऊन तार वाढवता येते. जोड डीबीच्या आत, उघडून पाहता येईल अशा ठिकाणी असावा, पाइपात कधीही नसावा. तो देण्याचे दोन विश्वासार्ह प्रकार आहेत : तारेच्या मापाची तांब्याची नळी योग्य पक्कडीने दाबून वर तापवल्यावर आवळली जाणारी प्लास्टिकची नळी चढवणे, किंवा डीबीतील धातूच्या रेलवर बसणारा टर्मिनल ब्लॉक वापरणे. वाढवलेला तुकडा तांब्याचा, काळ्या रंगाचा आणि अडीचपेक्षा कमी नसलेला असावा. पीळ देऊन टेप गुंडाळणे हा जोड नव्हे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात टेपचा गोंद पातळ होतो, टेप सरकते, आणि पिळातील तारा तापून-निवून सैल होतात.

तरीही आपले पत्र दोनदा वाचल्यावर मला असे वाटते की आपण डीबीच मोठी करावी. आठ एमसीबींच्या डब्यात गिझर, मोटर, इन्व्हर्टर आणि एसी यांची भर पडली आहे. पुढच्या दोन-तीन वर्षांत आणखी काही येईलच. जुन्या डब्याची भिंत फोडायची नसेल तर शेजारी भिंतीवर बसणारी बारा किंवा सोळा जागांची डीबी लावून जड सर्किटे तिच्यात घेता येतात. एमसीबींची आखणी ३० अंश तापमान धरून केलेली असते, हेही लक्षात घ्यावे. चिकटून बसलेले आणि भर उन्हाळ्यात तापलेले एमसीबी ठरलेल्या प्रवाहाआधीच पडू लागतात, आणि मग कोणीतरी १६ च्या जागी ३२ चा बसवून देतो. त्या दिवशी तारेचे संरक्षण संपते.

हे काम वायरमनचा परवाना असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावे, पण घरातील जाणत्या व्यक्तीने शेजारी उभे राहून तीन गोष्टी पाहाव्यात. मेन स्विच बंद केला तरी मीटरकडून त्याच्या वरच्या टोकांपर्यंत येणाऱ्या तारा जिवंतच असतात. त्या मीटरच्या बाजूने बंद करण्यासाठी कोणीही सील तोडू नये. आपल्याकडे इन्व्हर्टर आहे, त्यामुळे मेन बंद होताच तो सुरू होतो आणि डीबीतील काही तारांना स्वतःची वीज देतो. म्हणून इन्व्हर्टरही बंद करून त्याची जोडणी वेगळी करावी लागते. तिसरी गोष्ट तपासणीची : वायरमनने आपले साधन आधी चालू असलेल्या जागी लावून पाहावे, मग कामाच्या तारेवर, आणि पुन्हा चालू जागी. मधल्या वेळात साधनच बिघडले नाही याची खात्री त्याशिवाय होत नाही. साध्या टेस्टरवर येथे विसंबू नये. न्यूट्रल तुटलेला असताना पुढच्या उपकरणाचा स्विच चालू असेल तर टेस्टर सॉकेटच्या दोन्ही छिद्रांत पेटतो, उपकरण मात्र बंद असते, आणि घरचे लोक गोंधळून तारा हाताळू लागतात. मल्टीमीटर किंवा दोन टोकांचा टेस्ट लॅम्प यांनी फेज, न्यूट्रल आणि अर्थ या तिन्हींमध्ये मोजले की चित्र स्पष्ट होते.

जोडणी झाल्यावर प्रत्येक तार पकडून हलकेच ओढून पाहावी. सर्व उपकरणे काढून ५०० व्होल्टच्या मेगरने (तारांच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) इन्सुलेशन तपासून घ्यावे. वाचन किमान १ मेगओहम यायला हवे, आणि चांगल्या वायरिंगचे ते त्याहून पुष्कळ जास्त येते. बारीक तारांची वायर स्क्रूखाली काही दिवसांत थोडी बसते, त्यामुळे दोनेक महिन्यांनी एकदा, आणि पुढे दरवर्षी होळीच्या सुमारास, कूलर माळ्यावरून उतरवण्याआधी, मेन बंद करून सारे स्क्रू आवळून घेण्याची पद्धत ठेवावी.

प्रश्न : परभणी जिल्ह्यातील आमच्या गावी कूलरच्या सर्किटचा न्यूट्रल पट्टीजवळ जळाला. वायरमनने ती तार अर्थिंगच्या पट्टीत घातली आणि कूलर व्यवस्थित चालू लागला. दोन्ही शेवटी जमिनीलाच जातात, मग यात वावगे काय?

उत्तर : यात फार वावगे आहे, आणि ते आजच काढून टाकावे. रोहित्रापाशी न्यूट्रल जमिनीला जोडलेला असतो हे खरे, पण न्यूट्रल ही प्रवाह नेणारी तार आहे आणि अर्थिंगची तार निरोगी घरात रिकामी असायला हवी. आपण केलेल्या जोडणीत कूलरचा सारा प्रवाह आपल्या अंगणातील अर्थिंगच्या खड्ड्यातून मातीत शिरून रोहित्राकडे परत जातो. त्या खड्ड्याचा रोध किती, यावर सगळे अवलंबून आहे. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात चिखल असते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. ओलावा उडाला की खड्ड्याचा रोध वाढतो. नेमका कूलर चालण्याच्या दिवसांत तो सर्वांत जास्त असतो.

खड्ड्याचा रोध २० ओहम धरू. १००० वॅटचे एखादे उपकरण, म्हणजे सुमारे ५३ ओहम, अशा जोडणीवर चालवले तर सुमारे ३ अँपिअर प्रवाह वाहतो आणि अर्थिंगच्या पट्टीवर ६० व्होल्टच्या वर दाब येतो. ३ अँपिअरने कोणताही एमसीबी पडत नाही. तो दाब मात्र कूलरपुरता राहत नाही. फ्रिजचा दरवाजा, वॉशिंग मशीन, मोटरीचे अंग, जे जे त्या अर्थिंगला जोडलेले आहे ते सारे ६० व्होल्टवर जाते. कूलरचा प्रवाह यापेक्षा लहान असल्याने आज दाब कमी असेल आणि म्हणून कोणाला जाणवलेलाही नसेल. पण पत्र्याचा कूलर, खाली सांडलेले पाणी, आणि टाकी भरायला अनवाणी जाणारे घरातील माणूस, हे दृश्य डोळ्यांसमोर आणावे. पट्टीपासून खड्ड्याकडे जाणारी अर्थिंगची तार सैल झाली, तर कूलर चालू असताना त्याच्या अंगावर पूर्ण २३० व्होल्ट येतात.

घरात ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी असती आणि कूलर तिच्यातून गेलेला असता, तर ही जोडणी करताक्षणी ती पडली असती, कारण गेलेला आणि परत आलेला प्रवाह यांत फरक दिसला की ती वीज तोडते. कूलर चालू राहिला याचा अर्थ आपल्याकडे ती नाही, किंवा कूलर तिच्या बाहेर आहे, किंवा ती निकामी आहे. न्यूट्रलची दुरुस्ती करून घेताना ती बसवून घ्या, आणि तिच्यावरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. खड्ड्यात उन्हाळाभर आठवड्याला दोन-तीन बादल्या पाणी घालणे हाही चांगला परिपाठ आहे.

प्रश्न : आमच्या नांदेडमधील घरी तीन फेजचे मीटर आहे. मार्चमध्ये एका संध्याकाळी काही खोल्यांतील दिवे अतिशय प्रखर झाले, काही मिणमिणू लागले, आणि पाचेक मिनिटांत टीव्ही व फ्रिज जळाले. एकही एमसीबी पडला नाही. वायरमन म्हणाला की मेनचा न्यूट्रल सुटला होता. न्यूट्रल सुटला तर वीज बंद पडायला हवी, जास्त कशी येईल?

उत्तर : एका फेजच्या घरात मेनचा न्यूट्रल सुटला तर वीज बंद पडते. तीन फेजच्या घरात तसे होत नाही, आणि वायरमनने सांगितलेले कारण बरोबर आहे. न्यूट्रलपासून प्रत्येक फेज २३० व्होल्टवर असतो, पण दोन फेजमधला दाब सुमारे ४०० व्होल्ट असतो. न्यूट्रल जागेवर असेपर्यंत प्रत्येक फेजवरची उपकरणे आपापल्या २३० व्होल्टवर चालतात. तो सुटला की एका फेजची उपकरणे दुसऱ्या फेजच्या उपकरणांशी एकामागे एक जोडल्यासारखी होतात आणि ४०० व्होल्ट आपापसांत वाटून घेतात.

ही वाटणी समान नसते. उदाहरणासाठी एका फेजवर १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा दिवा आणि दुसऱ्यावर १००० वॅटचा हीटर घ्या. दिव्याचा रोध सुमारे ५२९ ओहम, हीटरचा सुमारे ५३. ज्याचा रोध जास्त त्याच्या वाट्याला दाब जास्त, म्हणून दिव्याला ३६० व्होल्टच्या वर आणि हीटरला जेमतेम ३६ व्होल्ट मिळतील. ज्या फेजवर कमी भार, तोच जळतो. आपला टीव्ही आणि फ्रिज बहुधा अशा हलक्या फेजवर होते आणि दुसऱ्या फेजवर गिझर किंवा इस्त्री चालू होती. एमसीबी प्रवाह मोजतो, दाब मोजत नाही, म्हणून तो पडला नाही. आरसीसीबीचेही तेच.

असे पुन्हा घडले तर कारण शोधत बसू नये, सरळ मेन बंद करावा. मग शेजारी विचारावे. दोन-तीन घरांत तोच प्रकार असेल तर दोष खांबावर किंवा रोहित्रापाशी आहे, आणि वीज तक्रारींसाठी असलेल्या १९१२ या क्रमांकावर लगेच कळवावे. फक्त आपल्याच घरात असेल तर मीटरनंतरच्या जोडांत, म्हणजे मेन स्विचच्या न्यूट्रल टोकाशी किंवा डीबीच्या मुख्य पट्टीत सैलपणा शोधावा. तेथे जाड तार बारीक भोकात बसावी म्हणून तिच्या काही तारा कापलेल्या मला पुष्कळदा आढळल्या आहेत. असे कधीही करू नये; त्या मापाची लग (तारेच्या टोकावर दाबून बसवायचे धातूचे टोक) दाबून घ्यावी. तीन फेजच्या प्रत्येक घरात मेननंतर दाब कमी-जास्त होताच वीज तोडणारे संरक्षक यंत्र असावे, असे माझे ठाम मत आहे. टीव्ही आणि फ्रिज यांच्या किमतीपुढे त्याची किंमत किरकोळ आहे.

प्रश्न : धाराशिव जिल्ह्यातील आमचे माळवदाचे घर जुने आहे. लाकडी पट्टीवरचे वायरिंग ॲल्युमिनियमचे आहे, आणि मेनजवळ चिनी मातीचे दोन किटकॅट (तार घालायचे जुने फ्यूज) आहेत, एक फेजचा आणि एक न्यूट्रलचा. न्यूट्रलची तार वारंवार तुटते. तांब्याचा तुकडा जोडून चालेल का?

उत्तर : ॲल्युमिनियमला तांबे नुसते पिळून जोडू नये. दोन धातू ओलाव्यात एकमेकांना खातात, तापल्यावर कमी-अधिक फुगतात, आणि ॲल्युमिनियमवर प्रवाह न नेणारा थर चढतो. काही काळात जोड पुन्हा तापू लागतो. तात्पुरती सोय म्हणून दोन्ही धातूंसाठी बनवलेला कनेक्टर वापरता येईल. पण जुने ॲल्युमिनियम एकदा ठिसूळ झाले की ते प्रत्येक वाकणात तुटत जाते, त्यामुळे तांब्याचे नवे वायरिंग करून घेणे हाच माझा सल्ला आहे, आणि एकदम जमत नसेल तर जड उपकरणांच्या सर्किटांपासून सुरुवात करावी.

न्यूट्रलवरचा किटकॅट काढण्याचे काम मात्र त्यासाठी थांबवू नये. त्यातली तार आधी वितळली तर दिवे विझतात, घर बंद झाले असे वाटते, आणि सर्व तारांत फेज जिवंत राहतो. परवानाधारक वायरमनला बोलावून त्या जागी न वितळणारी पक्की न्यूट्रल लिंक, किंवा त्याहून चांगले म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा दोन पोलांचा मेन स्विच, याच आठवड्यात बसवून घ्यावा.